मॉडेलिंग गिटार विकायला काढण्याआधी

सांगली-मिरज पट्ट्यात ऑर्केस्ट्रात, चर्चमध्ये, गॅदरिंगला किंवा घरी हौसेनं वाजवणाऱ्या मंडळींकडे आता मॉडेलिंग गिटार, म्हणजे आतल्या चिपनं दुसऱ्या गिटारच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या गिटार, दिसू लागल्या आहेत. बहुतेक सेकंडहँड, पुण्या-मुंबईकडून आलेल्या. घेताना आनंद मोठा असतो. एकाच गिटारमध्ये स्ट्रॅट आणि लेस पॉल या नावाजलेल्या इलेक्ट्रिक गिटार, अकूस्टिक, बारा तारांची, एखादीत इलेक्ट्रिक सतारही. दोन-तीन महिन्यांत मात्र तक्रारी सुरू होतात. आवाज प्लास्टिकसारखा वाटतो. घरी भरदार वाजते आणि मांडवात गायब होते. पाम म्यूट केलं, म्हणजे ब्रिजजवळ तळहात टेकवून तार दाबत वाजवलं, की तारेपेक्षा ठक-ठक जास्त ऐकू येते. आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार: वाजवतोय मी, पण वाद्य माझं ऐकत नाही.

या तक्रारी मी मनापासून घेतो, कारण वाजवणाऱ्याचा वाद्यावरचा विश्वास उडाला की सराव कमी होतो, आणि सराव कमी झाला की सगळंच संपतं. माझं म्हणणं असं आहे: मॉडेलिंग गिटार आधी गिटार आहे आणि मग संगणक. तिच्या बऱ्याच तक्रारी तारा, मान, ब्रिज आणि वीज इथेच जन्माला येतात आणि तिथेच दुरुस्त होतात. ते सगळं साफ झाल्यावर ज्या तीन-चार तक्रारी उरतात त्या खऱ्या आहेत, आणि कुठलंही सेटिंग त्यांना हटवू शकत नाही. म्हणून खालच्या क्रमानं जा. क्रम बदलू नका. सॉफ्टवेअरपासून सुरुवात केली तर आठवडे जातील आणि हाती काही लागणार नाही.

आधी आत काय चालतं ते

साध्या इलेक्ट्रिक गिटारमध्ये पोलादी तार चुंबकाच्या वर कंप पावते, चुंबकाभोवतीच्या कॉइलमध्ये (चुंबक आणि कॉइल मिळून पिकअप) त्या कंपनाचा विद्युत प्रवाह तयार होतो, तो व्हॉल्यूम-टोनच्या पॉटमधून, म्हणजे घुंडीखालच्या भागातून, आणि केबलमधून अ‍ॅम्पपर्यंत जातो. या साखळीतला प्रत्येक भाग दुसऱ्यावर परिणाम करतो. केबल लांब केली की चमक कमी होते, व्हॉल्यूम खाली आणला की अ‍ॅम्पचं फाटणं कमी होतं. १९५४ साली आलेल्या स्ट्रॅटोकास्टरची, म्हणजे स्ट्रॅटची, ही रचना आजही जवळपास तशीच आहे.

मॉडेलिंगचे दोन रस्ते आहेत. रोलँडनं १९९५ साली व्हीजी-८ आणलं. त्यात तुमच्याच गिटारच्या ब्रिजजवळ सहा तारांसाठी सहा वेगळ्या कॉइल असलेला बारीक पिकअप बसवायचा आणि हिशेब करणारा डबा जमिनीवर ठेवायचा. लाइन ६ कंपनीनं २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत व्हेरिअ‍ॅक्स आणली. तिच्यात ब्रिजच्या प्रत्येक सॅडलमध्ये, म्हणजे तार टेकते त्या छोट्या तुकड्यात, पिएझो (दाबाचं विजेत रूपांतर करणारा तुकडा) बसवलेला आणि हिशेब करणारी चिप गिटारच्याच पोटात. चिप प्रत्येक तारेचं कंपन वेगळं घेते आणि ‘हीच तार दुसऱ्या गिटारवर, दुसऱ्या जागी बसवलेल्या पिकअपसमोर असती तर काय ऐकू आलं असतं’ हे क्षणाक्षणाला काढते.

म्हणजे पिएझोच्या गिटारमध्ये ऐकण्याचं सगळं काम ब्रिजकडे आलं. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जवारी लावताना बघितलं असेल तर हे चटकन कळेल. सतारीची तार घोडीवर कुठे आणि कशी टेकते यावर तिचा आवाज ठरतो, आणि कारागीर तेवढ्या इवल्याशा पृष्ठभागावर तासन्‌तास घालवतो. मॉडेलिंग गिटारच्या सॅडलकडेही त्याच आदरानं बघायला हवं.

पहिली पायरी: वायर न लावता गिटार ऐका

केबल, पायाशी ठेवायचा अ‍ॅम्प-इफेक्टचा डबा, अ‍ॅप सगळं बाजूला ठेवा. नव्या तारा चढवा. जाडी ०.०१० ते ०.०४६ इंच घ्या. ०.००९च्या तारा बेंडला हलक्या जातात, पण पिएझोवर त्यांचा आवाज जास्त किडकिडा वाटतो, आणि जोरात मारल्या की सुरुवातीला सूर वर उसळतो. चिप ते उसळणंही इमानानं पकडते.

मग मान बघा. जाडी तार पहिल्या फ्रेटवर दाबा, दुसऱ्या हातानं तीच तार शरीराला मान जिथे मिळते त्या फ्रेटवर दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात फट किती आहे ते पाहा. ०.२ ते ०.३ मिलिमीटर, म्हणजे जाडसर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी असावी. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली लोखंडी कांब) घड्याळाच्या दिशेनं पाव फेरा, कमी असेल तर उलट पाव फेरा. त्यापुढे त्या दिवशी जाऊ नका. लाकडाला स्थिरावायला रात्र द्या. कृष्णाकाठच्या हवेत हे वर्षातून दोनदा तरी करावं लागतं: जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड ओल पितं, एप्रिलमध्ये तेच लाकूड कोरडं पडतं, आणि प्रत्येक वेळी मान हलते. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची दीड ते दोन मिलिमीटर ठेवा. याहून खाली आणली तर तार फ्रेटला घासते, साध्या गिटारवर ते घासणं अ‍ॅम्पमध्ये फारसं ऐकू येत नाही, पिएझोवर खडखडाट होऊन येतं.

नटच्या, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचांत मऊ पेन्सिलीचं टोक फिरवा, शिसं तारेला सरकायला मदत करतं. तार लावताना ‘टिंग’ असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल तर खाच तार धरून ठेवते आहे असं समजा.

आणि आता इंटोनेशन, जे लोक सर्रास टाळतात. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि त्याच फ्रेटवर दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर एकच यायला हवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे घ्या, उतरा असेल तर पुढे. मॉडेलिंगमध्ये याला जास्त महत्त्व आहे, कारण चिप तुमची तार खाली-वर करते तेव्हा तिची चूकही सोबत नेते. तुमची तार ८ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढी असेल तर कुठल्याही ट्यूनिंगमध्ये ती ८ सेंट चढीच राहणार. ओपन ट्यूनिंगमध्ये सगळ्या तारा एकाच कॉर्डमध्ये एकत्र घुमतात आणि ती चूक उघडी पडते. ‘याचं ओपन जी बेसूर आहे’ अशी तक्रार असेल तर आधी इथे बघा.

आपल्याकडे तंबोऱ्यावर कान तयार झालेल्यांना अजून एक गोष्ट खटकते. गिटारचा गंधार कुठल्याही फ्रेटवर शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो, कारण फ्रेट समान अंतराच्या सप्तकाप्रमाणे ठोकलेल्या असतात. ती गोष्ट साध्या गिटारलाही तितकीच लागू आहे. मॉडेलिंगवर तिचा दोष टाकू नका.

दुसरी पायरी: सॅडल आणि पिएझो

आता केबल लावा. अ‍ॅम्पवर सगळे इफेक्ट बंद, स्वच्छ आवाज. अकूस्टिकचं मॉडेल निवडा, कारण त्यात दोष लपत नाहीत. प्रत्येक मोकळी तार एकाच जोरानं, एकाच जागी वाजवा आणि फोनवर रेकॉर्ड करून ऐका. एखादी तार दबलेली, बोथट किंवा मधूनच गायब होणारी सापडली तर तिथे थांबा.

क्रमाक्रमानं तपासा. तार सॅडलच्या खाचेत नीट बसली आहे का? सॅडलखाली पिकचा (तार छेडायच्या पट्टीचा) भुगा, धूळ, गंज साठला आहे का? तारा सैल करा आणि कोरड्या मऊ टूथब्रशनं साफ करा. गंज सोडवायला मिळणारा तेलाचा स्प्रे इथे कधीही मारू नका. ते तेल पिएझोपर्यंत झिरपतं आणि बसतं. सॅडलची उंची बदलायची असेल तर आधी तार सैल करा, आणि लक्षात ठेवा की प्रत्येक सॅडलमधून केसासारखी बारीक वायर पोटात जाते. स्क्रूड्रायव्हर घसरून ती तुटली तर ती तार मॉडेलिंगच्या दृष्टीनं मेली. तारा लावलेल्या असताना स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीनं प्रत्येक सॅडलवर अगदी हलकी टिचकी द्या. सहाही ठिकाणी सारखा ‘टक्’ यायला हवा. एका ठिकाणी नाही आला तर वायर किंवा पिएझो गेला आहे, सॉफ्टवेअर त्याला काही करू शकणार नाही.

सगळे टक् सारखे आले आणि तरी एखादी तार थोडी हळू वाटते, तेव्हा मात्र गिटारच्या सोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या तारेची पातळी वाढवा. व्हेरिअ‍ॅक्ससाठी वर्कबेंच नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्यात प्रत्येक तारेचा आवाज आणि सूर वेगळा ठरवता येतो.

पाम म्यूटची ठक-ठकही इथलीच. चुंबकाचा पिकअप तारेचं हलणं ऐकतो, पिएझो सॅडलवरचा दाब ऐकतो. तुमचा तळहात सॅडलवर आपटला तर तो आवाज तारेइतकाच खरा धरला जातो. म्हणून हात थोडा हलका ठेवा, सॅडलवर टेकवण्याऐवजी दोन-तीन मिलिमीटर पुढे तारेवर टेकवा, आणि अ‍ॅम्पच्या आधी १०० हर्ट्‌झच्या खालचं कापून टाका. सवय बदलायला वेळ लागतो. जड रिफ वाजवणाऱ्यांनी ज्या गिटारमध्ये चुंबकाचे पिकअपही आहेत, तिच्यात तेवढ्या गाण्यापुरता स्विच चुंबकावर टाकावा. लाज वाटायचं काही कारण नाही, ते पिकअप त्यासाठीच दिले आहेत.

तिसरी पायरी: वीज

साध्या गिटारला वीज लागत नाही. मॉडेलिंग गिटारला लागते, आणि कार्यक्रमात होणारे बहुतेक घात इथेच होतात.

जुन्या व्हेरिअ‍ॅक्समध्ये सहा पेन्सिल सेल लागतात, नंतरच्यांत चार्ज होणारी लिथियम बॅटरी आहे. सेल वापरत असाल तर अल्कलाइन घ्या. चार्ज होणारे साधे निकेलचे सेल १.२ व्होल्टचे असतात, सहा मिळून ७.२ होतात, तर अल्कलाइनचे ९. त्यामुळे बॅटरी संपल्याचा दिवा लवकर लागतो. जॅकमध्ये केबल खोचली की गिटार चालू होते, तेव्हा मध्यंतरात केबल काढून ठेवा. स्टेजवर शक्य असेल तर जमिनीवरच्या डब्यातून डिजिटल केबलनंच वीज द्या आणि बॅटरी राखीव ठेवा.

आता मांडवाचा प्रश्न. गणपतीत आणि लग्नसराईत वीज जनरेटरवर असते, मध्येच बदलते, लाइटवाला आणि साउंडवाला एकाच बोर्डावरून ओढतात. क्षणभर वीज गेली तर साध्या ट्यूब किंवा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पचा आवाज लगेच परत येतो. डिजिटल डबा मात्र पुन्हा सुरू व्हायला कित्येक सेकंद घेतो, आणि तेवढ्यात गाण्याचा अंतरा निघून जातो. संगणकाला वापरतात तो छोटा ६०० व्हीएचा यूपीएस फक्त डब्यासाठी जवळ ठेवा. वजन आहे, पण उपयोगी आहे.

एका बाबतीत मॉडेलिंग इथे स्पष्टपणे पुढे आहे. सिंगल कॉइल पिकअप आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेची घुरघुर उचलतो, मांडवातले डिमर आणि एलईडीच्या माळा त्यात भर घालतात. पिएझोला कॉइलच नाही. स्ट्रॅटचं मॉडेल वाजवा, घुरघुर नाही. आपल्याकडच्या वायरिंगमध्ये ही फार मोठी गोष्ट आहे, आणि तुलना करताना लोक ती विसरतात.

घुरघुर थांबावी म्हणून कुणी थ्री-पिन प्लगची अर्थची पिन कापायला सांगितली तर ऐकू नका. गिटारच्या तारा अर्थला जोडलेल्या असतात आणि माइकची जाळीही. दोघांचा अर्थ वेगळा पडला आणि तुम्ही तारांवर हात ठेवून माइकला ओठ लावला, तर मधली वाट तुमच्या शरीरातून जाते. कार्यक्रमाआधी मल्टीमीटर एसीवर ठेवून एक टोक तारेला आणि दुसरं माइकच्या जाळीला लावा. काही व्होल्ट जरी दिसले तरी साउंडवाल्याला बोलवा, आणि दुरुस्त होईपर्यंत वाजवू नका, आयोजक कितीही घाई करोत.

चौथी पायरी: केबल आणि विलंब

डिजिटल गिटारची केबल संगणकाच्या नेटवर्क केबलसारख्या प्लगची असते. बाजारातली साधी नेटवर्क केबल घरी चालून जाते. स्टेजवर तिची प्लास्टिकची क्लिप पहिल्याच ओढीत तुटते. धातूच्या कवचाची, मऊ वायरची केबल घ्या.

‘मी मारतो आणि आवाज नंतर येतो’ ही तक्रार असेल तर साखळीतले रूपांतराचे टप्पे, म्हणजे आवाजाचे आकडे किंवा आकड्यांचा आवाज होतो त्या जागा, मोजा. आवाज हवेत एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे अ‍ॅम्पपासून ३ मीटरवर उभे असाल तर ९ मिलिसेकंद तसेच गेले, साध्या गिटारवरही. आता गिटारमध्ये एक रूपांतर, डिजिटल वायरलेसमध्ये दुसरं, डब्यात तिसरं, डिजिटल मिक्सरमध्ये चौथं, आणि कानातल्या मॉनिटरपर्यंत पाचवं. एकेकट्याचा विलंब थोडा असतो, बेरीज हाताला जाणवते. गिटार ते डबा डिजिटल केबलनं जोडा, म्हणजे मधली दोन रूपांतरं वाचतात. संगणकावर सराव करत असाल तर ४८ किलोहर्ट्‌झवर बफर १२८ सॅम्पलचा ठेवा, त्याचा विलंब २.७ मिलिसेकंदांच्या आसपास येतो. ब्लूटूथ हेडफोनवर सराव करूच नका. त्याचा विलंब इतका असतो की तुमचा हात ताल सोडायला शिकतो.

पाचवी पायरी: घरी भरदार, मांडवात गायब

ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि हिचं उत्तर कानात आहे. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि अगदी वरचा तार भाग कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं. रात्री घरी हेडफोनवर किंवा बारीक आवाजात तुम्ही आवाज बनवता, तेव्हा कान मागतो म्हणून खर्ज आणि चमक वाढवत नेता आणि मधला भाग कमी करता. तोच आवाज मांडवात मोठा झाला की खर्ज बेसच्या अंगावर जातो, चमक झांजांच्या अंगावर, आणि गिटारची खरी जागा असलेला मधला भाग रिकामा. तिथे गायक, कीबोर्ड आणि ब्रास बसलेले असतातच.

म्हणून आवाज मोठ्या पातळीवर बनवा. घरी जमत नसेल तर शाळेचा हॉल, मंगल कार्यालय, जिथे दुपारी तासभर मिळेल तिथे जा. ८० ते १०० हर्ट्‌झच्या खाली कापा, ६ ते ८ किलोहर्ट्‌झच्या वर कापा, ५०० ते २००० हर्ट्‌झ मोकळं सोडा. गिटार अ‍ॅम्पचा खरा स्पीकर ५ किलोहर्ट्‌झच्या वर झपाट्यानं खाली येतो. साध्या गिटारला जो आवाज आपण ‘गोड’ म्हणतो त्यात या कापण्याचा मोठा वाटा आहे. गेन, म्हणजे आवाज किती फाटेल ते ठरवणारी पातळी, घरी ठेवता त्यापेक्षा बराच कमी ठेवा.

दुसरं कारण म्हणजे नकलेवर नक्कल. गिटारमध्ये लेस पॉलचं मॉडेल, डब्यात अ‍ॅम्पचं मॉडेल, त्यावर कॅबिनेटचं, म्हणजे स्पीकरच्या पेटीचं, मॉडेल, आणि हे सगळं खऱ्या गिटार अ‍ॅम्पच्या खऱ्या स्पीकरमध्ये. दोन कॅबिनेट एकावर एक बसले की आवाज घोंगडीखालून आल्यासारखा होतो. नियम सोपा आहे: खऱ्या गिटार अ‍ॅम्पमध्ये जात असाल तर कॅबिनेट बंद, मिक्सरमध्ये जात असाल तर चालू. अकूस्टिकचं मॉडेल नेहमी सरळ मिक्सरला पाठवा, अ‍ॅम्पचं मॉडेल न लावता. भावगीताच्या साथीला हा अकूस्टिक आवाज मला मनापासून आवडतो, आणि शिट्टीही मारत नाही.

सहावी पायरी: पट्टी बदलणं

माझ्या मते आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी मॉडेलिंग गिटार ठेवावी याचं सगळ्यात मोठं कारण हेच. गिटारची जाडी तार पांढरी तीनची. गायिका म्हणते, आज घसा बसलाय, काळी एक घ्या. साध्या गिटारवर कॅपो लावून वर जाता येतं, खाली जायचं तर सगळ्या तारा सैल कराव्या लागतात, आणि सैल तार लोंबकळते. मॉडेलिंगवर तीन अर्धस्वर खाली ट्रान्सपोज करा, हाताखाली ताण तोच, कॉर्डचे आकार तेच.

त्याच्या मर्यादा मात्र माहीत हव्यात. दोन-तीन अर्धस्वरांपर्यंत आवाज सहसा टिकतो. पुढे तो नाकातून आल्यासारखा, डगमगता होत जातो, खासकरून जलद झंकारात. घरी बारीक आवाजात सराव करताना हाताखालची खरी तार जुन्या सुरात ऐकू येते आणि स्पीकरमधून नवा सूर, दोन्ही मिळून डोकं भंडावून सोडतात. कान पूर्ण झाकणारे, वायरचे हेडफोन लावा, नाहीतर आवाज वाढवा. आणि मोठ्या अ‍ॅम्पसमोर उभं राहून फीडबॅकनं सूर लांबवायची सवय असेल तर ट्रान्सपोज बंद ठेवा. स्पीकर एका सुरात गातो, तार दुसऱ्या सुरात कंप पावते, त्यांचं जमत नाही, म्हणून सूर धरत नाही.

सातवी पायरी: आता खरी तुलना

इथवर सगळं झाल्यावर एखाद्या मित्राची साधी गिटार आणा. दोन्हींवर एकाच जाडीच्या ताज्या तारा, एकच अ‍ॅम्प, आवाजाची पातळी कानानं सारखी केलेली. अ‍ॅम्प असा ठेवा की हळू वाजवलं तर स्वच्छ आणि जोरात वाजवलं तर फाटतो. मित्राला पाठीमागे बसवून दोन्हींवर तेच चार-पाच तुकडे वाजवायला सांगा, कुठली गिटार ते न सांगता. मग तुम्ही स्वतः वाजवा. ऐकण्यातला फरक आणि वाजवण्यातला फरक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्या लिहून काढा.

स्वच्छ सिंगल कॉइलमध्ये ऐकणाऱ्याला फरक ओळखणं कठीण जातं. पिकअपची निवड, बारा तारांचा आवाज, अकूस्टिक, यात मॉडेलिंग आपला शब्द पाळते. फरक पडतो तो तीन ठिकाणी.

व्हॉल्यूमची घुंडी १० वरून ६ वर आणा. साध्या गिटारवर फाटणं ओसरतं, चमक थोडी मऊ होते, आणि ते सगळं तुमच्या करंगळीच्या हिशेबानं होतं. पॉट, केबल आणि अ‍ॅम्पचं प्रवेशद्वार एकत्र काम करतात म्हणून हे घडतं. मॉडेलिंगमध्ये याचीही नक्कल केलेली असते, पण बोटाखाली ती पायऱ्यापायऱ्यांची वाटते. दुसरं, तारेची सुरुवात. पिक तारेवरून सुटतो तो क्षण, पिंच हार्मोनिक, हातानं तारा दाबून केलेला खर्रखर्र आवाज, इथे पिएझो स्वतःचा एक कडक कोरडेपणा घालतो. तिसरं, हाताची जाणीव. स्ट्रॅटची तार ६४८ मिलिमीटर लांब, लेस पॉलची सुमारे ६२८. त्याच सुरात, त्याच जाडीच्या तारेवर लेस पॉलचा ताण जवळपास ६ टक्क्यांनी कमी असतो, म्हणून बेंड मऊ जातो आणि बोटं वेगळी वाजवतात. घुंडी फिरवून आवाज लेस पॉलचा होईल, ताण तोच राहील. ब्लूज, रॉक, मेंडोलिनसारख्या नाजूक मुरक्या वाजवणाऱ्याला हे तिन्ही फरक रोज बोचतात. त्यांची तक्रार खरी आहे, आणि त्यांना ‘अजून सेटिंग करा’ असं सांगणं चुकीचं आहे.

ठेवायची की बदलायची

एका कार्यक्रमात पंचवीस-तीस गाणी, चार पट्ट्या, अकूस्टिक आणि इलेक्ट्रिक दोन्ही, मांडवातली वीज: तुमचं काम हे असेल तर ठेवा. तिच्यासारखं दुसरं वाद्य नाही. शिकणाऱ्या मुलाला मात्र पहिली गिटार मॉडेलिंगची घेऊन देऊ नका. त्याला आवाज बोटानं बदलायला शिकायचं आहे. त्याला साधी, दोन हम्बकरची (दुहेरी कॉइलच्या पिकअपची) किंवा तीन सिंगल कॉइलची गिटार द्या, आणि मॉडेलिंग हवंच असेल तर ते पायातल्या डब्यात असू द्या. डबा जुना झाला की बदलता येतो, गिटार राहते. एकच आवाज मनात घेऊन बसलेल्या, त्याच्या मागे वर्षं घालवू इच्छिणाऱ्या माणसानंही साधीच घ्यावी.

दुरुस्तीचा विचार यात मोठा आहे. साध्या गिटारचा जॅक, स्विच, २५० किंवा ५०० किलोओहमचा पॉट गावातला कुठलाही चांगला रेडिओ-अ‍ॅम्पचा मेकॅनिक सोल्डरिंग करून बदलून देतो. मॉडेलिंगचा बोर्ड गेला तर त्याचा सुटा भाग मिळेल याची खात्री नाही.

सेकंडहँड बघायला गेलात तर म्हणून घाई करू नका. गिटारमध्ये चुंबकाचे पिकअप आहेत का ते आधी विचारा. पहिल्या पिढीच्या व्हेरिअ‍ॅक्समध्ये ते नव्हते, बोर्ड गेला की ती गिटार मुकी होते. त्यानंतरच्या जेम्स टायलर मालिकेत ते आहेत. बॅटरी आणि चार्जर सोबत आहेत का, बॅटरी नवी मिळते का, संगणकाला जोडायचं उपकरण सोबत देतात का, आणि त्याचं सॉफ्टवेअर तुमच्या आजच्या संगणकावर चालतं का, हे चालवून बघा. प्रत्येक मॉडेल, स्विचची प्रत्येक जागा, प्रत्येक तार वाजवा. सॅडलवरची टिचकी विसरू नका. अर्धा तास सलग चालू ठेवा, कारण गरम झाल्यावर बंद पडणारा बोर्ड पहिल्या पाच मिनिटांत सापडत नाही. बॅटरीच्या कप्प्यात आणि जॅकच्या पट्टीवर पांढरा-हिरवा गंज दिसला तर गिटार पाण्यात किंवा ओलीत राहिलेली असू शकते. २००५, २०१९ आणि २०२१चे पूर बघितलेल्या गावात हा प्रश्न विचारायला संकोच नको.

घरी ठेवताना पावसाळ्यात हार्ड केसमध्ये सिलिका जेलच्या मोठ्या पुड्या ठेवा, महिन्यातून एकदा त्या वाळवा, सेल असतील तर काढून ठेवा. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत गिटार सोडू नका, लिथियम बॅटरीला ती उष्णता सोसत नाही. कार्यक्रमाच्या पिशवीत पहिल्या आणि दुसऱ्या तारेचे दोन-दोन जोड, अल्कलाइन सेलचा सीलबंद संच, डिजिटल केबल आणि शिवाय एक साधी केबल, सॅडलला बसणारी षटकोनी किल्ली, मल्टीमीटर आणि टूथब्रश असावा. चुंबकाचे पिकअप असतील तर डब्याच्या पहिल्याच पायबटणावर त्यांचा साधा, स्वच्छ आवाज साठवून ठेवा आणि साउंड चेकमध्ये तोही मिक्सरवाल्याला ऐकवा, म्हणजे गाण्याच्या मध्ये मॉडेल बंद पडलं तर एक स्विच आणि एक बटण दाबून तुम्ही पुढच्या आवर्तनाला परत असाल.